वाचकांचे प्रश्न : तुरुंग, जामीन आणि आपण

गेल्या अंकात आम्ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी छापली होती. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. आतल्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे खटला चालू आहे किंवा अजून उभाही राहिलेला नाही, गुन्हा शाबीत झालेला नाही, अशी माणसे. दर चौघांमागे तीन. त्यावर आलेल्या पत्रांतून काही निवडली आहेत. ज्यांचे माणूस आत आहे त्यांना आधी उत्तर दिले आहे, कारण त्यांच्यासाठी एकेक दिवस मोलाचा आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला चोरीच्या प्रकरणात १५ हजारांचा जामीन मंजूर होऊन महिना उलटला. जामीनदार मिळत नाही म्हणून तो आतच आहे. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, इथे भाड्याने राहतो. वकील फोन उचलत नाहीत. काय करावे? (कल्याण)

जामीन ‘मिळाला’ आणि माणूस ‘सुटला’ यांच्यामध्ये कागदांचा मोठा टप्पा असतो. तिथे अडकलेल्यांना खरे तर तुरुंगात ठेवण्याचे काहीच कारण उरलेले नसते, न्यायालयानेच ते सांगितलेले असते.

आधी हुकमाची प्रत मिळवा आणि नीट वाचा. नुसत्या जातमुचलक्यावर (तारखेला हजर राहीन, अशी आरोपीची स्वतःची लेखी हमी) सोडायला सांगितले आहे, जातमुचलका आणि एक-दोन जामीनदार मागितले आहेत, की रोख रक्कम भरायला परवानगी आहे, हे त्यात लिहिलेले असते. रोखीचा उल्लेख नसेल तर तसा अर्ज करता येतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४९०; पुढे जिथे कायद्याचे नाव नाही तिथे कलम याच संहितेचे समजा). बरेच वकील ‘आधी रोख भरून सोडा, जामीनदार चार आठवड्यांत देतो’ अशी तात्पुरती परवानगी मागतात आणि ती पुष्कळदा मिळते. रोख रक्कम खटला संपल्यावर परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा. पावती हरवली तर ते पैसे परत मिळवणे फार कटकटीचे होते.

जामीनदार उभा करायचा तर त्याची ओळख, पत्ता आणि ऐपत दाखवावी लागते. आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो, आणि ऐपतीसाठी पगारपत्रक, सातबारा, घराची करपावती किंवा तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला लागतो. याआधी आपण किती जणांना जामीन राहिलो आहोत हेही त्याला लिहून द्यावे लागते. गाडी इथेच अडते. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे असते, रेशन कार्डावर एक आडनाव आणि आधारवर दुसरे, पगारपत्रकावर कंपनीचा शिक्का नसतो. कोर्टात जाण्याआधी चारही कागदांवरचे नाव एकाखाली एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे लोक भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांचे कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होतो आणि नवा गुन्हा दाखल होतो.

‘जामीनदार याच तालुक्यातला हवा’ असे कोणी सांगत असेल तर ते निमूटपणे मान्य करू नका. १९७८ साली मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम या गवंड्यासाठी त्याच्या भावाने दिलेला जामीन, भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारणे चुकीचे ठरवले होते. त्याच न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा बजावले की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तो आग्रह टाळावा. त्या आदेशातल्या आणखी तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. जामिनाच्या हुकमाची प्रत न्यायालयाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत बंद्याला पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. आणि महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकते. तुमचा महिना भरला आहे. अट कमी करण्याचा अर्ज आजच करा. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी हे कलम ४८४ मध्येच लिहिलेले आहे.

अर्ज कोण करणार? कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो (विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२). जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय असते. फौजदारी कामासाठी ‘लोक अभिरक्षक कार्यालय’ (आरोपींचा फुकट बचाव करणाऱ्या प्राधिकरणाच्या वकिलांचे कार्यालय) कुठे आहे ते विचारा. जाताना गुन्हा क्रमांक, पोलिस ठाणे, खटल्याचा सीएनआर क्रमांक (१६ अंक-अक्षरांचा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर मिळतो), जामिनाच्या हुकमाची प्रत आणि भावाचा तुरुंगातला बंदी क्रमांक एका कागदावर लिहून न्या. आधीच्या वकिलांचे वकीलपत्र दाखल असेल तर भावाची सही घेऊन ते बदलावे लागेल. ही सही तुरुंगातूनच येते, त्यासाठी दोन-चार दिवस धरा. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

पैशाचीच अडचण असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाची २०२३ ची गरीब बंद्यांसाठीची योजना आहे. त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे आत राहिलेल्या पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम सरकार थेट न्यायालयात भरते. जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव, तुरुंगाचे अधिकारी आणि एक न्यायाधीश यांची जिल्हा समिती निर्णय घेते. प्राधिकरणाने दहा दिवसांत आर्थिक स्थिती तपासायची आणि दर दोन-तीन आठवड्यांनी प्रकरणे समितीपुढे ठेवायची, असा क्रम आहे. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) यांखालच्या आरोपींना ही योजना लागू नाही. योजना चांगली आहे, पण ती आपोआप चालत नाही. यादीत नाव गेले का, हे घरच्यांनी किंवा वकिलांनी विचारावे लागते. म्हणून अधीक्षकांना आणि प्राधिकरणाच्या सचिवांना एकेक अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

शेवटची तपासणी : भावावर दुसरा एखादा गुन्हा आहे का? असेल तर त्या गुन्ह्याचे वॉरंट तुरुंगात पडलेले असते आणि या प्रकरणातला जामीन पूर्ण होऊनही दरवाजा उघडत नाही. दोन्हीकडे स्वतंत्र जामीन घ्यावा लागतो. मात्र बऱ्याच प्रकरणांत तेच जामीनदार चालू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये गिरीश गांधी प्रकरणात ठरवले आहे. तो निकाल वकिलांना सांगा.

प्रश्न : कच्च्या कैद्याला जास्तीत जास्त किती दिवस आत ठेवता येते? (लातूर)

तीन वेगवेगळ्या मर्यादा आहेत. लोक त्या एकमेकींत मिसळतात, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली दोषारोपपत्राची. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. पहिल्या रिमांडचा दिवस यात धरायचा. तेवढ्या दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही तर जामीन हा हक्क होतो (कलम १८७). पण हा हक्क मागावा लागतो. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर हक्क गेला. ६१ व्या किंवा ९१ व्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच अर्ज गेला पाहिजे. एका दिवसाचा आळस इथे वर्षभराला पडू शकतो. यूएपीए, मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) अशा विशेष कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि अमली पदार्थांच्या काही गंभीर गुन्ह्यांत ती मुळातच १८० दिवस असून वर्षापर्यंत वाढू शकते.

दुसरी मर्यादा दंडाधिकाऱ्यांपुढच्या अजामीनपात्र खटल्यांची. साक्षीपुराव्यासाठी नेमलेल्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी सगळा काळ आतच असेल, तर त्याला जामिनावर सोडायचे. न सोडण्याची कारणे दंडाधिकाऱ्यांनी लिहून ठेवायची (कलम ४८०, पोटकलम ६). ही तरतूद फार कमी वापरली जाते.

तिसरी कलम ४७९ ची. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामीन, आणि याआधी कधीच दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश काळ. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे आहेत, म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याला एक वर्ष, इतरांना दीड वर्ष. घरातल्या चोरीला सात वर्षे, म्हणजे अनुक्रमे दोन वर्षे चार महिने आणि साडेतीन वर्षे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे कलम लागू नाही. आरोपीमुळे खटला लांबला असेल तर तो काळ वजा होतो. काळ भरताच न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तरी त्याआधीच्या कैद्यांनाही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले.

या कलमात एक मोठे भोक आहे आणि ते स्पष्ट बोललेच पाहिजे. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणे प्रलंबित असली तर हा लाभ मिळत नाही. आता बघा, मोबाइल चोरीत सापडलेल्या बेघर पोरावर पोलिस ठाण्यात पडून असलेली आणखी तीन प्रकरणे दाखवली जातात. तो कशातही दोषी ठरलेला नसतो, तरी या कलमाबाहेर जातो. सर्वात गरीब आणि सर्वात जास्त काळ आत राहणारी माणसे अशीच असतात. ही अट कायद्यातून काढावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर प्रत्येक प्रकरणात वेगळा जामीन अर्ज करणे आणि जिल्ह्याच्या न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीपुढे नाव नेणे, हेच मार्ग आहेत. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची ही समिती दर तीन महिन्यांनी तरी बसायला हवी. आजारी, महिला, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे आरोपी, जामीन होऊनही न सुटलेले, अशा १४ प्रकारच्या बंद्यांची यादी तिच्यापुढे ठेवायची असते.

प्रश्न : गुन्हेगारांना चांगले जेवण, फोन, पंखे हवेत कशाला? करदात्यांनी हा भार का सोसावा? (पुणे)

तुमचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून तो टाळत नाही. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणे. कायदा तेवढेच सांगतो. आजारी पाडणे, उपाशी ठेवणे, मारणे ही शिक्षा कोणत्याही कलमात नाही, आणि ‘सुनील बत्रा’ प्रकरणापासून (१९७८) सर्वोच्च न्यायालय हे सांगत आले आहे. वर दिलेला आकडा आठवा. चारपैकी तिघांना शिक्षा झालेलीच नाही आणि त्यांतले बरेच जण पुढे निर्दोष सुटतील.

गर्दी म्हणजे काय ते हिशेबाने पाहू. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीतल्या प्रत्येकासाठी ३.७१ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट. ५० जणांच्या बराकीत १५० जण भरले की वाट्याला १३ चौरस फूट येतात. सहा फूट लांब आणि जेमतेम सव्वादोन फूट रुंद. त्यातच अंथरूण, पिशवी, पाण्याची बाटली. कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगावे लागते. संडास पन्नास जणांच्या हिशेबाने बांधलेले, त्यामुळे पहाटेपासून रांग. हा हिशेब कल्पनेतला वाटत असेल तर मुंबईचे आर्थर रोड कारागृह बघा. त्याची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षे ८०४ नोंदलेली होती आणि आत तीन हजारांहून जास्त माणसे राहत होती. अशा जागी खरूज आणि क्षय पसरायला वेळ लागत नाही. सुटलेला माणूस, तुरुंगाचा शिपाई, कोर्टात नेणारा पोलिस, भेटायला गेलेली आई हे सगळे संध्याकाळी आपल्याच वस्तीत परततात.

करदात्याला खर्च वाचवायचा असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ज्यांना न्यायालयाने सोडायला सांगितले आहे त्यांना सोडणे. पाच हजारांच्या जामिनासाठी माणसाला महिनोन्महिने पोसणे हा कुठल्याच हिशेबाने शहाणपणा नाही.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, मधुमेही. तुरुंगात इन्सुलिन वेळेवर मिळत नाही. दोनदा मोठ्या दवाखान्याची तारीख चुकली. (नाशिक)

तारीख चुकण्याचे कारण बहुधा पोलिस गारद न मिळणे हे असते. बंद्याला बाहेर नेण्याचे काम तुरुंगाचे कर्मचारी करत नाहीत. जिल्हा पोलिस मुख्यालयातून गारद मागवावी लागते, आणि गणपती, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे असले की मुख्यालयाकडे माणसे उरत नाहीत. दवाखाना आणि कोर्टाची तारीख दोन्ही बुडतात. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी भांडून हे सुटणार नाही.

असे करा. जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी, शेवटचा एचबीएवनसी अहवाल, इन्सुलिनचा प्रकार, मात्रा आणि वेळा एका पानावर लिहून अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी दोघांना द्या, पोच घ्या. ‘रोज इन्सुलिन लागते’ एवढे पुरत नाही. ‘सकाळी १६ युनिट, रात्री १० युनिट, जेवणाआधी अर्धा तास’ असे त्यांच्या चिठ्ठीत असेल तसे नेमके लिहा, कारण आतल्या जेवणाच्या वेळा बाहेरच्यापेक्षा बऱ्याच लवकर असतात आणि मात्रा त्या वेळांशी जुळवावी लागते. रात्रीचे जेवण लवकर झाले आणि इन्सुलिन उशिरा दिले तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते आणि बराक बंद झाल्यावर मदत मिळायला वेळ लागतो. मग खटला चालू असलेल्या न्यायालयात दोन मागण्यांचा अर्ज करा : वैद्यकीय अहवाल मागवावा, आणि ठराविक तारखेला गारदीसह दवाखान्यात न्यावे. न्यायालयाचा हुकूम असला की मुख्यालय गारद देते. आजारी किंवा अशक्त व्यक्तीला गंभीर गुन्ह्यातही जामिनाचा विचार करता येतो (कलम ४८०). चुकलेल्या दोन तारखांचे कागद त्या अर्जाला जोडा.

प्रश्न : वहिनी तुरुंगात आहे, भाऊ वारला आहे. मुले चार आणि नऊ वर्षांची. मी भाजी विकते. मुलांचे काय करता येईल? (नांदेड)

ताई, चार वर्षांचे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्याला कैदी समजायचे नाही. वेगळा आहार, लसीकरण, पाळणाघर द्यायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात सांगितले आहे. तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर तुरुंगाचे नाव येऊ नये, हेही त्यात आहे. मात्र मूल आत ठेवायचे की तुमच्याकडे, हे वहिनींशी बोलून ठरवा. तुरुंगात पाळणाघर खरोखर चालू आहे का, तेवढे आधी विचारा.

नऊ वर्षांच्या मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. वडील नसलेल्या आणि आई-वडील तुरुंगात असलेल्या मुलांचा तिच्यात समावेश होतो. मुलामागे दरमहा २,२५० रुपये मुलाच्या आणि पालकाच्या बँक खात्यात येतात, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. कागद : मुलाचे आणि तुमचे आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, तुमचा आणि मुलाचा घरासमोरचा फोटो, आणि वहिनी तुरुंगात असल्याचे अधीक्षकांचे पत्र. अर्ज बहुतेकदा या शेवटच्या पत्रावाचून अडतो. ते भेटीच्या दिवशीच मागून घ्या. दोन्ही मुले तुमच्याकडे राहणार असतील तर दोघांचे वेगळे अर्ज करा.

वहिनींना सांगा की महिला म्हणूनही आणि कोठडीत आहेत म्हणूनही त्यांना फुकट वकील मिळतो. लहान मुलांची आई आहे, हा मुद्दा जामीन अर्जात लिहायलाच हवा.

प्रश्न : तुरुंगात जात बघून कामे वाटली जातात हे खरे का? न्यायालयाने बंदी घातली म्हणजे नेमके काय झाले? (सोलापूर)

खरे आहे. ते नुसते रूढीने चालत नव्हते, अनेक राज्यांच्या नियमपुस्तकांत तसे लिहिलेले होते. स्वयंपाक ‘वरच्या’ जातींनी करायचा आणि सफाई ठराविक जातींनी. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे सगळे नियम घटनाबाह्य ठरवले, नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि नियमावल्या दुरुस्त करायला तीन महिने दिले.

तुमच्या शहराशी याचा जवळचा संबंध आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, पण ‘सवयीचा गुन्हेगार’ हा शिक्का नियमावल्यांत उरला आणि तो जन्मावरूनच लावला जाई. त्यावरही या निकालाने बोट ठेवले आहे. पारधी कुटुंबांना हे काय असते ते समजावून सांगायची गरज नाही.

निकाल कागदावर राहू नये म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तुरुंगाच्या अभ्यागत मंडळाने (तुरुंगाला भेट देऊन पाहणी करणारे मंडळ) मिळून तपासणी करायची आहे. तुमच्या माणसाला जात पाहून सफाईला लावले असेल तर तारीख, बराक आणि काम लिहून प्राधिकरणाला कळवा. त्याचे नाव उघड होऊ नये असे वाटत असेल तर तसे अर्जातच लिहा. आतल्या माणसाला त्रास होण्याची भीती खरी असते.

प्रश्न : शिक्षा झाली. अपिलाला पैसे नाहीत. (धुळे)

मुदत आधी बघा : सत्र न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात साधारणपणे ६० दिवस. निकालाची प्रत फुकट मिळते. तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते (कलम ४२४) आणि वकील प्राधिकरण देते. हा हक्क महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून पक्का झाला. १९७८ च्या होस्कोट खटल्यात निकालाची प्रत हाती न पडल्याने अपिलाला कित्येक वर्षांचा उशीर झाला होता. त्यावर प्रत आणि वकील दोन्ही देणे ही राज्याची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मुदत उलटली असेल तरी उशीर माफीचा अर्ज करून अपील दाखल करा.

प्रश्न : कच्च्या कैद्याला मतदान करता येते का? (रत्नागिरी)

नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) मुळे तुरुंगात असलेल्या कोणालाच मत देता येत नाही, फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्यांना (गुन्हा घडू नये म्हणून आधीच ताब्यात ठेवलेल्यांना) टपालाने देता येते. जामिनावर बाहेर असलेला मात्र मतदान करू शकतो. म्हणजे एकाच आरोपातल्या दोघांपैकी ज्याच्याकडे जामिनाचे पैसे आहेत त्याला मत आहे आणि दुसऱ्याला नाही. आम्हाला हे अन्यायाचे वाटते.

प्रश्न : खुले कारागृह म्हणजे काय? आपल्याकडे आहे का? (सांगली, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये ती वसाहत सुरू केली. शिक्षा झालेले बंदी तिथे कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. येरवडा आणि पैठण इथेही खुली कारागृहे आहेत. चांगल्या वर्तणुकीच्या पक्क्या कैद्यांची निवड समिती करते. भिंत आणि पहारा कमी, म्हणून खर्चही कमी, आणि सुटल्यावर माणसाच्या हाताला काम असते. महाराष्ट्राला याचा इतका जुना अनुभव असताना अशा जागा वाढल्या नाहीत याचे वाईट वाटते. प्रकल्पासाठी जायचे असेल तर कारागृह विभागाची लेखी परवानगी लागते. महाविद्यालयाच्या पत्रासह निदान दोन महिने आधी अर्ज करा.

प्रश्न : माझे कोणी तुरुंगात नाही. तरी काही करायचे असेल तर? (ठाणे)

माहिती अधिकारापासून सुरुवात करा. तुमच्या जिल्ह्यातल्या कारागृहाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून एका अर्जात सगळे कोंबू नका. पहिल्या अर्जात अधिकृत क्षमता, आजची संख्या (कच्चे, पक्के, महिला, मुले वेगळी), वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर आणि भरलेली पदे विचारा. दुसऱ्यात, जामीन मंजूर होऊन सात दिवसांनंतरही आत असलेल्यांची संख्या आणि त्यांच्याबाबत प्राधिकरणाला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती मागा. तिसऱ्यात, गेल्या सहा महिन्यांत गारद न मिळाल्याने किती बंद्यांना कोर्टात नेता आले नाही ते विचारा. बंद्यांची नावे, इमारतीचे नकाशे, कॅमेऱ्यांच्या जागा मागू नका, तेवढ्यावर सगळा अर्ज फेटाळला जाईल. ‘माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर येईल असे धरून ‘एकत्रित नसल्यास संबंधित नोंदवहीच्या पानांच्या प्रती द्याव्यात’ हे वाक्य आधीच घाला.

दुसरे काम अभ्यागत मंडळाचे. न्यायाधीश आणि अधिकाऱ्यांबरोबर अशासकीय अभ्यागतही नेमायचे असतात. ते तुरुंगात जाऊन बंद्यांशी बोलू शकतात आणि शेरा लिहू शकतात. ही नावे वर्षानुवर्षे नेमली जात नाहीत किंवा नेमलेले फिरकत नाहीत. तुमच्या तुरुंगात सध्या कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा आणि आमदारांच्या कानावर घाला.

वेळ देता येत असेल तर प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक व्हा. वकील असण्याची गरज नाही, प्रशिक्षण तेच देतात. घरच्यांना शोधणे, कागद जमवणे, ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये खेपा घालणे, अशी कामे असतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून अशाच कामात आहे.

माहिती अर्जाला ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह पहिले अपील करा. उत्तर आले तर त्याची प्रत आम्हाला पाठवा. जिल्हावार आकडे याच सदरात छापू.